तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास : ट्रंक उघडल्यापासूनच्या नोंदी

कोल्हापुरात फुटबॉल संघाचा इतिहास शोधायचा तर आधी तालमीची दारं ठोठवावी लागतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या संघांच्या नावातच तालीम मंडळ आहे. शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब म्हटलं तरी त्यामागं पेठ, गल्ली आणि तिथली घरं उभी असतात. आमचा संघही असाच, नदीकडच्या एका पेठेतला. नाव इथं घालत नाही, कारण मजकूर अजून कमिटीपुढं गेलेला नाही. पण हे काम दुसऱ्या कुठल्या तालमीतल्या पोरांनी हाती घेतलं तर आमच्या चुका त्यांना पुन्हा करायला लागू नयेत, म्हणून केलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

५ नोव्हेंबर २०२३

दिवाळीआधीची साफसफाई. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी तालमीत कमरेच्या वर होतं. तेव्हा ही ट्रंक खालीच होती. पाणी ओसरल्यावर कुणीतरी ती न उघडताच माळ्यावर टाकली आणि चार वर्षं तशीच राहिली.

आत निघालं ते असं : तीन वह्या गाळानं चिकटून विटेसारख्या झालेल्या, फोटोंचा एक गठ्ठा, पावतीपुस्तकं, सहा कप, एक शिट्टी आणि लेस लावायचा जुना चामडी फुटबॉल, कुजून चपटा झालेला. दारावरच्या फलकावर ‘स्थापना १९३८’ असं रंगवलंय. हे साल कुठून आलं, असं कमिटीतल्या चौघांना विचारलं. चौघांनीही फलकाकडंच बोट दाखवलं.

इतिहास लिहायचा हे तिथंच ठरलं. मी, माझा चुलतभाऊ आणि कॉलेजात जाणारी एक पोरगी, जिचे आजोबा आमच्या संघाचे फुलबॅक होते. मी शिरोलीला फौंड्रीत पाळीवर असतो, त्यामुळं काम रविवारी आणि रात्री.

६ नोव्हेंबर

पहिली चूक, आणि सगळ्यात महागाची.

ट्रंकेतलं सगळं गच्चीवर उन्हात मांडलं. ओल लागलेलं वाळवायचं, एवढंच डोक्यात होतं. दुपारपर्यंत फोटो पापडासारखे वळले. एकमेकांना चिकटलेले दोन फोटो मी नखानं सोडवायला गेलो, तर वरच्याच्या मागं खालच्याचा थर निघून आला. खालच्या फोटोत अकरा जण उभे होते. आता सात उरलेत. चौघांच्या जागी पांढरा कागद.

वहीवरचा गाळ चुलतभावानं ओल्या फडक्यानं पुसला. दौतीची निळी शाई लगेच पसरली, दीड पान गेलं.

हात थांबवले. सगळं सावलीत आणून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि आठवडाभर हात लावायचा नाही असं ठरवलं.

१८ नोव्हेंबर

जुनी कागदपत्रं हाताळणाऱ्या एका माणसाला भेटून आलो. त्यांनी सांगितलं ते करून पाहिलं आणि जमलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वहीला पाणी लावायचंच नाही. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर वही. स्पंज वहीला टेकता कामा नये. झाकण लावून रात्रभर ठेवायचं. कोंडलेल्या दमटपणानं पानं मऊ पडतात. मग बोथट पातळ पट्टीनं, आम्ही बांबूची तासून घेतली, कडेकडेनं एकेक पान सोडवायचं आणि प्रत्येक दोन पानांत टीपकागद घालायचा. दोन दिवसांहून जास्त डब्यात ठेवलं तर बुरशी धरते. आमच्या तिसऱ्या वहीला धरलीच, कारण मला सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या आणि डबा उघडायला कुणी नव्हतं.

चिकटलेल्या फोटोंचं उलटं. जुने काळे-पांढरे फोटो स्वच्छ गार पाण्यात भिजवले की आपोआप सुटतात. आधी एका बिनमहत्त्वाच्या फोटोच्या कोपऱ्यावर पाहायचं आणि मगच बाकीचे. सुटल्यावर तोंड वर करून सावलीत वाळवायचे. हे मला ६ तारखेला ठाऊक असतं तर ते चौघे वाचले असते.

१९ नोव्हेंबर

अहमदाबादला क्रिकेटची फायनल, सगळी पेठ टीव्हीपुढं. तालीम रिकामी मिळाली, म्हणून स्कॅनिंग सुरू केलं. जुना फ्लॅटबेड स्कॅनर ४,२०० रुपयांना घेतला. फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), वह्या-पावत्या ३०० ला. मोबाइलनं फोटो काढून पाहिले, पण चकाकीमुळं चेहरे जातात.

घरोघरचे फोटो लोकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले. एकशे चाळीस आले आणि सगळे आकसलेले, मोठे करून बघितले तर चेहऱ्यांचे नुसते ठिपके. सगळ्यांना पुन्हा विनवण्या करून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ म्हणून सांगावं लागलं. यात अकरा दिवस गेले. शेवटी स्कॅनर पिशवीत घालून घरोघरी जाणंच सोपं पडलं, आणि घरी गेल्यावर भिंतीवरच्या फोटोसोबत कपाटातला फोटोही निघतो.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. एका घरातली फ्रेम माझ्या हातून फुटली. ती ९०० रुपयांना करून दिली.

फोटोच्या मागं नावं लिहायची ती मऊ पेन्सिलनं. बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उठतो.

२६ नोव्हेंबर

कप. आम्ही पोहोचायच्या आधी बारक्या पोरांनी मायेनं दोन कप भांडी घासायच्या पावडरनं लख्ख केले होते. मुलामा गेला आणि त्यासोबत कोरलेली अक्षरंही. त्यांना रागावलो नाही. कपाला हात लावायचा नाही, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

उरलेल्या चार कपांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली. तिघांवरची अक्षरं उमटली. चौथ्यावर फक्त ‘उपवि’ एवढंच. उपविजेते. पेठेत आजवर हा कप ‘आपण जिंकलेला’ म्हणूनच सांगितला गेलाय.

३ डिसेंबर

जुन्या खेळाडूंना तालमीत एकत्र बोलावलं. नऊ जण आले, सगळ्यात थोरले सत्त्याऐंशीचे. चहा, भडंग, मधे मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवलेला. अडीच तास बोलणं झालं आणि त्यातलं वीस मिनिटांचंही कामाचं निघालं नाही. सगळे एकदम बोलत होते. ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची झाली. वर पंखा चालू होता, रेकॉर्डिंगमध्ये त्याचीच घरघर. कोपऱ्यात बसलेले एक अण्णा तोंडातून शब्द न काढता निघून गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, “घरी ये. हितं न्हाई बोलता येत.”

१० डिसेंबर

अण्णांच्या घरी गेलो. एकटाच. पंखा बंद केला, मोबाइल त्यांच्या मांडीजवळ उशीवर ठेवला. ‘तुमच्या काळाबद्दल सांगा’ असं विचारलं की माणूस भाषण करायला लागतो. म्हणून काही न विचारता फोटो हातात दिला.

अण्णांनी चेहरे पाहिलेच नाहीत, आधी पाय पाहिले. मागच्या रांगेतल्या एकाच्या पायात बूट, दुसरा अनवाणी, घोट्याला पट्टी गुंडाळलेला.

“ह्यो बूट आणि त्यो बूट एकच हाय,” म्हणाले. “एक जोड, दोघांत. बॅक खेळणाऱ्याला पायजे म्हणून फोटोपुरता त्येनं घातला.”

मग सगळं निघालं. पेठेतल्या चांभारानं शिवलेले बूट, तळाला चामड्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले. दोन मॅच झाल्या की खिळा आतून वर यायचा, टाच रक्ताळायची. आत पुठ्ठा घालून खेळायचं. पावसात चामडी बॉल पाणी पिऊन जड व्हायचा आणि लेसची गाठ कपाळावर आली की कातडी निघायची. अण्णांनी कपाळावरची खूण दाखवली. भुवईच्या वर, बोटाच्या पेरभर. तिचा फोटो घेतला. पुस्तकात जाईल.

माझा एक आडाखा इथं मोडला. अनवाणी खेळाडू दिसले की फोटो जुना, असं मी धरून चाललो होतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी फ्रान्सशी खेळले आणि १-२ नं हरले, हे वाचलेलं, म्हणून पन्नासच्या आसपास रेघ मारली होती. पण पेठेतल्या पोरांकडं बुटाला पैसे कधी आले त्यावर आमची रेघ. अण्णांच्या सांगण्यानुसार साठच्या दशकातही निम्मा संघ अनवाणीच होता. सतरा फोटोंची सालं पुन्हा तपासायला घेतली.

१७ डिसेंबर

तिघांनी वेगवेगळं, एकमेकांना न भेटता, एकच गोष्ट सांगितली : १९६२ च्या एका फायनलमध्ये आमच्या सेंटर हाफला, म्हणजे मधोमध खेळणाऱ्या गड्याला, लाल कार्ड दाखवलं, दहा जणांनी मॅच काढली. मी अख्खी गोष्टच खोडून टाकली. लाल-पिवळी कार्डं १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून आली. बासष्टला कार्ड कुठलं?

ही माझी चूक होती, पुढं फेब्रुवारीत कळली.

७ जानेवारी २०२४

तिन्ही वह्या सुटल्या. त्यातल्या दोन देवनागरीत आणि सगळ्यात जुनी मोडीत. ती कुस्तीच्या तालमीची कीर्द आहे, म्हणजे रोजचा जमाखर्च. खुराकाचे बदाम, तेल, आखाड्याची तांबडी माती, त्यात मिसळायचं ताक, आणि मधेच फुटबॉल.

राजर्षी शाहूंनी कुस्ती पोसली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण तांबड्या मातीतली पोरं बॉलमागं कधी पळायला लागली, हे आमच्या तालमीपुरतं तरी या वहीत होतं, आणि ते आमच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हतं.

मोडीचे वर्ग घेणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. पानाला साठ रुपये ठरले. फुटबॉलचा उल्लेख असलेली ३८ पानं, २,२८० रुपये. त्यांनी अट घातली : “माझ्या शेजारी बसायचं. नावं तुम्ही ओळखायची.” त्यांचं बरोबर होतं. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि आमच्या वहीत खेळाडूंची नावं म्हणजे सगळी टोपणनावं. सरांनी अक्षरं लावली, आम्ही माणसं लावली. काही टोपणनावं अजून त्या घरांत चालतात, नातवाला लागलेली.

१४ जानेवारी

वहीतून हाताला लागलेलं :

फुटबॉलखाली सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘ब्लॅडर’, म्हणजे चामडी बॉलच्या आतला हवा भरायचा रबरी फुगा. बॉल वर्षा-दोन वर्षांत एक, पण ब्लॅडर दर महिन्याला, आणि पंक्चरचे आणे वेगळे. लिंबं, गूळ, शेंगदाणे. एके ठिकाणी मिरजेला जायचं रेल्वेभाडं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ पासूनची, तेव्हा गाडीनं जाण्यात नवल नाही. पण भाडं तेरा जणांचं आहे. बदली खेळाडूची तेव्हा चालच नव्हती. मग दोघं जास्तीचे कोण? एक मॅनेजर धरला तरी एक उरतो. पुढच्या ओळीत ‘पेटी’ असा शब्द आहे. चुलतभाऊ म्हणतो औषधाची पेटी वाहणारा, मी म्हणतो बाजाची पेटी, कारण तालमीत सोंगी भजन होतं. दोन्ही लिहून ठेवलंय.

२१ जानेवारी

या कामातली सगळ्यात मोठी चूक आज सापडली. वहीवर तारखा शालिवाहन शकातल्या आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन, या हिशेबानं मी दोन आठवडे बसून अख्खा तक्ता केला. आज सर एक ओळ वाचत होते : पौष वद्य, शके १८६९, महात्माजी गेले, मॅच बंद.

१८६९ अधिक ७८ म्हणजे १९४७. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ला झाली.

शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७८ नाही, ७९ मिळवायचे असतात. आणि कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम नेमका पाडव्याच्या अलीकडं-पलीकडं. पौष, माघ, फाल्गुन अलीकडं, चैत्र, वैशाख पलीकडं. म्हणजे एकाच हंगामातल्या निम्म्या मॅच मी एक वर्ष मागं ढकलल्या होत्या. तक्ता फाडला, नवा केला, त्याला नऊ रात्री लागल्या.

ज्यांच्याकडं जुन्या कीर्दी आहेत त्यांनी ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी : चैत्र ते कार्तिक ७८, माघ-फाल्गुन ७९, आणि मार्गशीर्ष-पौष आला की पंचांग बघा, कारण मार्गशीर्ष कधी जानेवारीत संपतो आणि पौष कधी डिसेंबरात सुरू होतो.

दुसऱ्या वहीलाही असंच फसलो. रुपये-आणे-पै दिसले म्हणून ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची धरली, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. पण आमचे खजिनदार पुढं बरीच वर्षं सवयीनं आणेच लिहीत होते. मधेच एका पानावर एका व्यापाऱ्याची पावती चिकटवलेली, त्यावर ‘नये पैसे’. त्या पावतीनं वही जागेवर बसली.

११ फेब्रुवारी

जुनी वर्तमानपत्रं. एका ग्रंथसंग्रहात चार रविवार बसून फायली चाळल्या. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना श्वास धरावा लागतो. आमच्या संघाच्या बातम्या बहुतेक दोन-तीन ओळींच्या, शेवटच्या पानावर. नावं चुकलेली, गोल कुणी मारला तो नाही.

आणि तिथं १९६२ ची ती फायनल सापडली. पंचांनी आमच्या सेंटर हाफला मैदानाबाहेर काढल्याचं स्पष्ट लिहिलंय. कार्डाचा उल्लेख नाही, असणारच नाही. गोष्ट खरी, साल खरं, दहा जण खरे. साठ वर्षं मॅच बघता बघता कार्ड तेवढं त्या आठवणीत नंतर येऊन बसलं. मी एका चुकीच्या शब्दासाठी तीन म्हाताऱ्यांना खोटं ठरवलं होतं. तिघांच्याही घरी जाऊन कात्रणाची प्रत दिली. त्यातले एक आबा कात्रण वाचून म्हणाले, “मग लाल कार्ड न्हाई दावलं तर भाईर कसा काढला रं त्येला?” मी म्हटलं, हात करून. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “व्हय. हातच केलता.” आणि उजवा हात, बोट ताणून, दाराकडं केला.

२५ फेब्रुवारी

कमिटीची बैठक. विषय : स्थापनेचं साल.

आमच्याकडं जे आहे ते असं. फलकावर १९३८. त्याला कागद नाही. कीर्दीत ‘फुटबॉल’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो शके १८६६ च्या माघात, म्हणजे १९४५ च्या सुरुवातीला. त्याआधीची पानं पुराच्या पाण्यानं गेली. त्यामुळं आधी फुटबॉल नव्हता असंही म्हणता येत नाही.

आवाज चढले. “पंच्याऐंशी वर्षं सांगत आलोय, आता सात वर्षांनी धाकटं व्हायचं?” समोरच्या पेठेतले काय म्हणतील, वर्गणीच्या पत्रकावर काय छापायचं, इथंवर गाडी गेली. मला तो राग समजतो. लीगला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला आपलं मंडळ जुनं असणं म्हणजे घर जुनं असण्यासारखं आहे. पण माझ्या डोळ्यांपुढं ती वही होती. कुणीतरी कंदिलाच्या उजेडात ब्लॅडरचे आणे लिहिले, ते खरे आहेत, आणि त्यांच्या शेजारी पुरावा नसलेलं साल ठामपणे छापणं मला पटेना.

ठरलं ते असं : फलक तसाच राहील. पुस्तकात पहिल्या पानावर दोन ओळी, ‘फलकावरील स्थापना वर्ष १९३८. फुटबॉल खेळल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा १९४५.’ त्या पानावर कीर्दीचा फोटो. बैठक पावणेतीन तास चालली.

१७ मार्च

मारामारीचं प्रकरण. एका वर्षी मैदानावर दोन्ही बाजूंचे समर्थक भिडले आणि आमच्या संघावर बंदी आली. कात्रण आहे, वहीत दंडाची रक्कमही आहे. ते वर्ष गाळायचं, असा आग्रह झाला. मी नकार दिला. त्या हंगामात संघ उतरला नाही, तेव्हा आमच्या तीन पोरांनी शहराबाहेर जाऊन खेळायला सुरुवात केली आणि त्यातला एक पुढं राज्याच्या शिबिरापर्यंत गेला. बंदी गाळली तर तो तिथं का गेला हेच कळत नाही. समोरच्या संघाचं नाव मात्र काढलं. त्यांची बाजू आम्ही विचारायला गेलेलो नाही, आणि एका बाजूनं लिहिलेली भांडणं पेठेत पुन्हा पेटतात.

शेवटचं प्रकरण पुरतं बदललं. आधी ते कपांची यादी होती. आता त्यात २०१७ चा ऑक्टोबर आहे. सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो आमच्या मंडळाचा नव्हे. पण त्या आठवड्यात आमच्या मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या पोरांचा आकडा हजेरीवहीत चौदावरून एकेचाळीस झालाय. वही आमची आहे, म्हणून आकडा छापतोय.

९ एप्रिल, गुढीपाडवा

नमुना प्रत छापून आली, २,७०० रुपये. आतापर्यंतचा खर्च : स्कॅनर ४,२००, डबे-टीपकागद-ब्रश १,१५०, हार्ड डिस्क ४,६००, मोडी वाचन २,२८०, फुटलेली फ्रेम ९००, नमुना प्रत २,७००. एकूण १५,८३०. यातले नऊ हजार मंडळानं दिले, बाकी आम्ही तिघांनी. स्कॅनच्या तीन प्रती केल्यात : एक तालमीत, एक माझ्या घरी, एक नदीपासून लांब राजारामपुरीत चुलत्याकडं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ती ओलांडली की आमच्या गल्लीत पाणी येतं, म्हणून तिसरी प्रत उंचावर हवीच.

नमुन्यात दोन पानं उलटी लागलीत, आणि मुखपृष्ठ रंगीत करताना जर्सी हिरवी झाली. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग कळत नाही. पुरुष मंडळींत तीन मतं : हिरवी, निळी, आणि ‘चॉकलेटी होती, काय सांगता!’

१४ एप्रिल

रंगाचा निकाल लागला. कॉलेजातल्या त्या पोरीला सुचलं, आम्हा दोघांना पाच महिन्यांत सुचलं नव्हतं. फुटबॉल खेळलेल्या सगळ्या घरांत आम्ही गेलो, पण माजघरात कुणाला काही विचारलं नाही. ती तिच्या आज्जीकडं गेली.

आज्जी म्हणाल्या, मांजरपाटाचे सदरे त्यांनी आणि शेजारच्या दोघींनी शिवले, आणि मोठ्या पातेल्यात रंग कालवून परसात बुडवले. “हात आठ दिवस तसंच व्हतं. भाकरी थापताना सुदिक रंग दिसायचा.” रंग कुठला विचारल्यावर काही न बोलता उठल्या आणि वाकळ घेऊन आल्या.

वाकळीच्या मधोमध, लुगड्यांच्या तुकड्यांत, वीतभर मांजरपाट. निळाच, पण धुऊन धुऊन राखेकडं झुकलेला. कडेला शिवण उसवलेली होती, तिथं आत दुमडलेल्या पदरात ऊन कधी पोहोचलं नव्हतं. तिथला रंग गडद, गुळीच्या पाण्यासारखा. तुकड्यावर आडवा पांढरा पट्टा आहे. तो फोटोत दिसतो, आम्ही त्याला सुरकुती समजलो होतो.

वाकळ स्कॅनरवर मावेना. उद्या सकाळी अंगणातल्या सावलीत, पांढरा कागद शेजारी ठेवून फोटो घ्यायचा आहे. आज्जींची अट एकच : दुपारपर्यंत परत द्यायची, रात्री त्या तीच पांघरतात.